मॉरिशसमधले गावोगावचे मोफत दवाखाने नेमके कशातून उभे राहिले?

केळशीकर

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात मी २६ वर्षे आरोग्य सेवक होतो. ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला द्यायची आणि पंधरवड्याने पुन्हा त्याच वाडीत जायचे, यातच माझा निम्मा जन्म गेला. निवृत्तीनंतर पत्नीसह मॉरिशसला गेलो आणि कास्काव्हेल गावातल्या एका मराठी कुटुंबाकडे उतरलो. आम्ही कुठून आलो आणि कुठे राहणार, हे विमानतळावर आरोग्य खात्याच्या माणसाने लिहून घेतले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी खात्याचा एक अधिकारी पत्ता शोधत दारात उभा राहिला. भारतातून आलेल्यांच्या रक्तात हिवतापाचे जंतू नाहीत ना, हे पाहायला तो आला होता. मी बोट पुढे केले तेव्हा, खरे सांगतो, घसा दाटून आला. जन्मभर मी ज्या कामासाठी लोकांच्या दारात गेलो, त्याच कामासाठी परक्या देशातला माझा व्यवसायबंधू माझ्यापुढे उभा होता.

त्यानंतर मी मुद्दाम गावातले सरकारी दवाखाने पाहत फिरलो. मुख्य बेटाचा पसारा दोन हजार चौरस किलोमीटरलाही थोडा कमीच, आणि त्यात समुदाय आरोग्य केंद्रे मात्र शंभराहून अधिक आहेत. त्यांच्यावर विभागीय आरोग्य केंद्रे आणि मेडिक्लिनिक, आणि त्यांच्याही वर पाच प्रादेशिक रुग्णालये अशी रचना आहे. तपासणीला पैसे नाहीत, औषधालाही नाहीत.

माझे मत असे झाले आहे की, या सगळ्याचा पाया १९४९ ते १९५२ च्या हिवताप निर्मूलन मोहिमेने घातला. घरोघर जाणारा माणूस आधी आला आणि दवाखाना त्याच्या मागून आला. जाणकारांना हे पटते का?

शरयू_तीर

केळशीकर, आपला अनुभव फार मनापासून लिहिला आहे. पण गोष्ट १९४९ पासून सुरू केली तर तिचा कडू भाग निसटतो, म्हणून थोडे मागे जाते.

१८३४ पासून १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर करारावर मॉरिशसला नेले गेले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून गेले, पण मुंबई बंदरातूनही गेले, आणि तिथल्या मराठी समाजाचे पूर्वज त्यांतलेच. पोर्ट लुईच्या ज्या आप्रवासी घाटावर ते उतरले, त्या आवारात रुग्णांसाठी वेगळा विभाग होता. म्हणजे बेटावर पाऊल ठेवणाऱ्या मजुराची पहिली गाठ वैद्यकीय तपासणीशीच पडे. ती त्याच्या भल्यापेक्षा बेटाच्या संरक्षणासाठी होती. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकीची लागण असल्याने त्यांवरच्या लोकांना गॅब्रिएल नावाच्या उजाड बेटावर उतरवण्यात आले. पुरेसे पाणी आणि निवारा नसताना तिथे माणसे शेकड्यांनी मेली. त्यावर भारतातल्या सरकारने मॉरिशसची मजूरभरती काही काळ बंद केली होती.

उसाच्या मळ्यांवर रुग्णालय ठेवणे कायद्याने मळेवाल्यांना बंधनकारक होते. कागदावर पाहिले तर ही गावोगावच्या आरोग्य सेवेची सुरुवातच म्हणावी लागेल. परंतु त्याच व्यवस्थेत ‘दुहेरी कपात’ होती, म्हणजे विनापरवानगी गैरहजर राहिल्यास एका दिवसामागे दोन दिवसांची मजुरी कापली जाई. ज्या मालकाच्या हाती मजुरी, त्याच्याच हाती आजारपणाची कबुली, अशा ठिकाणी माणूस दुखणे सांगेल की लपवेल? १८७१ मध्ये मजुरांची बाजू घेणारे आदोल्फ द प्लेव्हिट्झ यांनी करार संपलेल्या ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्यांचा अर्ज सादर केला, त्यातून शाही आयोग नेमला गेला, आणि त्या आयोगाचे सदस्य फ्रेअर व विल्यमसन यांच्या १८७५ च्या अहवालात मळ्यांवरील वैद्यकीय व्यवस्थेवर सविस्तर ताशेरे आले. माझ्या मते आजच्या मोफत दवाखान्याचे खरे मूळ या अर्जात आहे. दवाखाना मालकाचा नको, सर्वांचा हवा, ही जाणीव तिथून पुढे वाढत गेली.

पाऊलखुणा

एक शंका. त्या मजुरांनीच भारतातून हिवताप नेला, असे मी ऐकले आहे. हे खरे आहे का?

डॉ_मुक्ता

@पाऊलखुणा, जंतू माणसाच्या रक्तातून येतो, पण तो पसरायला योग्य डास हवा. मजूर १८३४ पासून येत होते आणि त्यांच्यात ताप असणारच. तरीही १८६५ पर्यंत बेटावर हिवतापाची साथ नव्हती. उलट भारतात आजारी पडलेले कंपनीचे अधिकारी हवापालटासाठी मॉरिशसला जात. वाहक डास नंतर कधीतरी जहाजांतून बेटावर पोचले आणि रुजले. मग १८६६ ते १८६८ या काळात जो वणवा पेटला, त्याने बेटाचा नकाशाच बदलला. एकट्या १८६७ साली तापाने ३० हजारांहून अधिक माणसे गेली, आणि तेव्हा बेटाची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास होती. मेलेल्यांत मजूरच सर्वांत जास्त होते, म्हणून त्यांच्यावर दोष ठेवताना जपून बोलावे, अशी माझी विनंती आहे.

ज्यांना परवडले ते पोर्ट लुई सोडून क्यूरपीपच्या थंड पठारावर राहायला गेले. रेल्वे नुकतीच झाली होती, त्यामुळे वर राहून खाली कामाला येणे जमू लागले. ज्यांना परवडले नाही ते किनाऱ्यालगतच्या छावण्यांत आणि वस्त्यांत राहिले. दूषित हवेने ताप येतो अशी तेव्हाची समजूत असल्याने दलदलीच्या जागी निलगिरीची झाडे लावली गेली.

पुढे १९०७ च्या अखेरीस सरकारने रोनाल्ड रॉस यांना बोलावले. सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधणारे ते हेच. त्यांनी बेटभर मुलांची प्लीहा तपासून घेतली, कारण वाढलेली प्लीहा म्हणजे वारंवार आलेल्या हिवतापाची खूण. डबकी बुजवणे, ओढे साफ ठेवणे, क्विनीन वाटणे, डासांविरुद्ध कायमची पथके नेमणे या त्यांच्या शिफारशी होत्या. केळशीकर, घरोघर जाणारा माणूस आधी आला, हे आपले म्हणणे मला पटते. मात्र तो १९४९ च्या ४० वर्षे आधी आला होता. त्याच्या मागे पैसा आणि सातत्य मात्र कधी उभे राहिले नाही.

आडवाट

प्लीहा तपासणीबद्दल वाचून आठवले. आमच्या आजोळी म्हातारी माणसे मुलांच्या पोटावर हात फिरवून ‘पानथरी वाढली आहे’ असे सांगत. रॉससाहेबांची पद्धत आजीला ठाऊक होती, हे वाचून आज आनंद झाला.

गणिती

थोडे आकडे मांडतो, कारण त्यांच्याशिवाय १९४९ च्या मोहिमेचे मोल कळत नाही. १९४० च्या दशकाच्या मध्यावर मॉरिशसमध्ये जन्मलेल्या मुलाचे सरासरी अपेक्षित आयुष्य ३३ वर्षे होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ५१ वर्षांवर गेले. दहा वर्षांच्या आत १८ वर्षांची वाढ! युरोपातल्या देशांना एवढी मजल मारायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

मोहिमेची पद्धत अशी होती की घराच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारायचे. बेटावर वाहक डास प्रामुख्याने दोन जातींचे होते. त्यांतला फ्युनेस्टस हा घरात शिरून भिंतीवर विसावणारा, त्यामुळे तो बेटावरून समूळ नाहीसा झाला. गॅम्बी गटातला दुसरा डास घराबाहेर चावत राहिला आणि टिकला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची ठरते.

तरीही सगळे श्रेय डीडीटीला देणे मला मान्य नाही. फवारणी आणखी पुष्कळ देशांत झाली. ती थांबल्यावर अनेक ठिकाणी ताप परत आला आणि दवाखानेही उभे राहिले नाहीत. मॉरिशसमध्ये ते का राहिले, हा खरा प्रश्न आहे.

शरयू_तीर

गणिती यांच्या प्रश्नाला माझे उत्तर एका शब्दात देता येईल: मत.

१९३६ साली मजूर पक्ष स्थापन करणारे मॉरिस क्युरे डॉक्टर होते. त्या पक्षाला पुढे सत्तेपर्यंत नेणारे आणि देशाचे पहिले पंतप्रधान झालेले शिवसागर रामगुलामही लंडनला शिकलेले डॉक्टर होते. १९३७ मध्ये उसाच्या भावावरून आणि मजुरीवरून मळ्यांत उठाव झाला, गोळीबारात माणसे मेली. त्यानंतर १९४७ च्या राज्यघटनेने मतदानासाठी मालमत्तेची अट सोडून साधी साक्षरता पुरेशी मानली, आणि ती भारतीय भाषांतलीही चालत असे. वासुदेव विष्णुदयाल यांच्या जन आंदोलनाने गावोगाव लोकांना सही करायला शिकवले. १९४८ च्या निवडणुकीत उसाच्या मळ्यातला माणूस प्रथमच मोठ्या संख्येने मतदार झाला. ज्याच्या मतावर आमदार निवडून येतो, त्याच्या गावात दवाखाना नाही असे म्हणणे त्यानंतर अवघड झाले. फवारणी १९४९ ला सुरू झाली. या दोन वर्षांची सांगड मला केवळ योगायोग वाटत नाही.

केळशीकर

सांगड मान्य आहे, परंतु थोडा मतभेद नोंदवतो. ती फवारणी ब्रिटिश वसाहत खात्याच्या पैशाने आणि त्यांच्याच तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाली. मते मिळाली नसती तरी ती झाली असती. मतांनी पुढचे काम केले, असे म्हणू या का?

शरयू_तीर

असे म्हणू या. आपली दुरुस्ती योग्य आहे.

थेम्सकाठी

मी लंडनमध्ये परिचारिका होते. १९६० आणि ७० च्या दशकांत मॉरिशसमधून पुष्कळ तरुण मुली आणि मुलगे परिचर्येचे शिक्षण घ्यायला ब्रिटनला आले, आणि त्यांतल्या एकीबरोबर मी अनेक वर्षे रात्रपाळी केली. तिचे बालपण फ्लाकजवळच्या एका मळ्याच्या छावणीत गेले. ती सांगत असे की फवारणीवाले येणार म्हटले की आई पहाटे उठून भांडी, पीठ, अंथरूण अंगणात काढून ठेवी. भिंतींवर पांढरे डाग उमटत आणि त्या वासाने डोके दुखे. तरी बायका पथकाची वाट पाहत, कारण डासांबरोबर ढेकूणही मरत. तापाचा हिशेब त्यांना नंतर कळला, ढेकणांचा मात्र त्याच रात्री!

हे मी गमतीने लिहिले असले तरी त्यामागे एक गंभीर गोष्ट आहे. खात्याचा माणूस घरात आला तर आपले काही हिरावून न घेता उपयोगाचे काहीतरी करून जातो, असा विश्वास त्या पिढीत प्रथम निर्माण झाला. पुढे लस टोचायला किंवा बाळाचे वजन करायला बोलावल्यावर त्याच बायका आल्या. शरयू_तीर यांनी सांगितलेल्या मळ्याच्या रुग्णालयाशी याची तुलना करून पाहावी.

निशिगंधा

बायकांचा विषय निघाला आहे, तर कुटुंब नियोजनाबद्दल लिहिलेच पाहिजे. मृत्यू घटले आणि जन्म तसेच राहिले, त्यामुळे लोकसंख्या झपाट्याने वाढली. रिचर्ड टिटमस आणि ब्रायन एबल-स्मिथ या ब्रिटिश समाजधोरण तज्ज्ञांनी १९६१ च्या अहवालात या वाढीचा धोका स्पष्ट मांडला आणि आरोग्य सेवा, समाजकल्याण व कुटुंब नियोजन यांचा एकत्र विचार करायला सांगितले. त्याच सुमारास अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनीही बेटाच्या भवितव्याबद्दल फार काळजीचे चित्र रंगवले होते.

कुटुंब नियोजन संघटना १९५७ मध्येच सुरू झाली होती, पण कॅथलिक धर्मपीठाचा कृत्रिम साधनांना विरोध होता. भांडण चिघळू शकले असते. परंतु १९६३ मध्ये नैसर्गिक पद्धती शिकवणारी ‘आक्स्यों फामिलियाल’ ही वेगळी संस्था उभी राहिली. ज्या बाईला जो मार्ग पटेल तो तिने घ्यावा, अशी वाट निघाली. पुढे सरकारने संघटनेची केंद्रे आपल्या माता-बाल सेवेत सामावून घेतली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका स्त्रीला सरासरी सहा मुले होत, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रमाण साडेतीनच्या आत आले. कोणावर सक्ती झाली नाही. आपल्याकडे १९७६ साली आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीने काय झाले, हे पाहिलेल्या पिढीतली मी आहे, म्हणून हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

डॉ_मुक्ता

निशिगंधा, अगदी मनातले लिहिलेत. यात मुलींच्या शिक्षणाचा वाटाही मोठा आहे. आरोग्य केंद्रात येणारी आई लिहू-वाचू शकत असेल, तर परिचारिकेचे निम्मे काम आधीच झालेले असते.

पाऊलखुणा

बेट छोटे आहे म्हणून सगळे जमले, असे नाही का? आपल्या एखाद्या जिल्ह्यापेक्षाही लहान देश आहे तो.

केळशीकर

@पाऊलखुणा, माझ्या जिल्ह्यात नकाशावरचे पाच किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात कधी कधी अख्खा दिवस असे, त्यामुळे लहान आकाराचा फायदा मी नाकारत नाही. पण रॉड्रिग्ज बेट मुख्य बेटापासून ५६० किलोमीटर समुद्रापलीकडे आहे, आणि तिथेही रुग्णालय व आरोग्य केंद्रे चालवली जातात. शिवाय १८६७ मध्येही बेट एवढेच होते.

गणिती

पैशाचाही विचार करावा लागेल. १९७० च्या दशकाच्या मध्यात साखरेला चांगला भाव मिळाला, युरोपशी ठरावीक साखरेचा करार झाला, कापड उद्योग वाढला. देशाने मोठे खडे सैन्य ठेवले नाही. पुढे कर्जाचे दिवस आले, नाणेनिधीच्या अटी आल्या, रुपयाचे अवमूल्यन झाले, तरी सरकारी दवाखान्यात शुल्क लावले गेले नाही. त्या काळात कितीतरी देशांनी ते लावले. संकटात काय कापायचे नाही, हे ठरवणे कठीण असते, आणि तिथे ते ठरवले गेले.

आता डासाकडे परत येतो. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त ठरवला. १९७५ च्या फेब्रुवारीत जर्व्हेज चक्रीवादळ आले. पडझड झालेली घरे बांधायला बाहेरून कामगार आले, सगळीकडे पाणी साचले होते, आणि गॅम्बी गटातला डास होताच. स्थानिक लागण पुन्हा सुरू झाली आणि १९८२ मध्ये ती सहाशेच्या वर गेली. ती मोडून काढायला फवारणी, डबक्यांत औषध, तापाच्या प्रत्येक रुग्णाचा शोध हे सगळे नव्याने करावे लागले. शेवटचा स्थानिक रुग्ण १९९७ चा. केळशीकर, आपल्या बोटाला टोचलेली सुई ही १९७५ ची आठवण आहे.

एबेनवासी

मी नोकरीनिमित्त ११ वर्षे इथे मॉरिशसमध्ये राहतो. आपण सर्वांनी इतके चांगले लिहिले आहे की, थोडी दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य वाटते. समुदाय आरोग्य केंद्रात डॉक्टर सर्व वेळ नसतो. रांग मोठी असते. म्हणून साध्या सर्दीतापासाठीही लोक केंद्र ओलांडून थेट मोठ्या रुग्णालयात जातात, आणि ज्यांना परवडते ते खासगीत. माझ्या मुलाला एकदा ताप आला असता आम्ही एका ठिकाणी तीन तास बसून शेवटी खासगी डॉक्टरकडे गेलो. मोफत असणे आणि वेळेवर मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे म्हणजे शत्रू बदलला आहे. आज इथे मोठ्या माणसांत पाचात सुमारे एकाला मधुमेह आहे. १९८७ च्या सर्वेक्षणात मधुमेह फक्त भारतीय वंशीयांत नव्हे, तर क्रिओल (आफ्रिकी व मिश्र वंशाच्या) आणि चिनी समाजांतही जवळपास तितकाच आढळला, याने तेव्हा सर्वांना धक्का बसला होता. त्याच सुमारास सरकारने एक फार शहाणपणाचे पाऊल उचलले. स्वस्त दराच्या तेलात पामतेलाचा भाग मोठा होता, तो बदलून मुख्यतः सोयाबीन तेल दिले जाऊ लागले. पाच वर्षांनी पुन्हा सर्वेक्षण झाले, तेव्हा लोकांच्या रक्तातले सरासरी कोलेस्टेरॉल लक्षणीय घटलेले दिसले. रेशनच्या डब्यातले तेल बदलणे हीसुद्धा प्राथमिक आरोग्य सेवाच आहे, असे मला वाटते.

मधुमेहाचे मात्र तसे झाले नाही. डासाला भिंतीवर गाठता येत होते. ढोल-पुरी, बाजारचे गोड पेय आणि बसून करायची नोकरी यांना कुठे गाठणार?

थेम्सकाठी

@एबेनवासी, आपण लिहिलेली रांग लंडनमध्येही आहे, पण म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. पाय कापावा लागण्यापूर्वी मधुमेही माणसाचे पाऊल तपासायचे असते, आणि ते काम गावातल्या केंद्रातच नीट होऊ शकते. केंद्र ओलांडून जाणारा माणूस नेमका तिथे निसटतो.

आडवाट

तिथे घरोघरी अयापानाचा काढा घेतात असे वाचले होते. हे आपल्याकडचेच अयापान का?

डॉ_मुक्ता

@आडवाट, हो, तेच. मूळचे दक्षिण अमेरिकेचे, पण मॉरिशसमध्ये पोटाच्या तक्रारींवरचा घरगुती काढा म्हणून ते पक्के रुजले आहे. आयुर्वेदालाही तिथे १९८९ च्या कायद्याने मान्यता आहे. अर्थात जुलाब थांबत नसतील तर काढ्यावर विसंबू नये, हे डॉक्टर म्हणून लिहून ठेवते.

केळशीकर

सर्वांचे मनापासून आभार. मी एका मोहिमेचे नाव घेऊन आलो होतो, आता ते मत मला बदलावे लागेल. मळ्याच्या रुग्णालयावरचा अविश्वास, १८७१ चा अर्ज, १८६७ च्या तापाची धास्ती, १९४८ चे मत आणि मग फवारणीवाला, अशी ती वाट दिसते. फवारणीवाल्याला मी अजूनही मधोमधच ठेवीन, कारण थेम्सकाठी यांनी लिहिलेला विश्वास त्याच्या पायांनी गावात आला. एबेनवासी यांच्या मुद्द्यावरही माझ्याकडे एवढेच उत्तर आहे: मधुमेहासाठीही कोणीतरी घरी जायला हवे. केंद्रात बसून ज्यांची वाट पाहावी लागते, तेच लोक नेमके येत नाहीत, हे मी २६ वर्षे पाहिले आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. रक्त घेऊन झाल्यावर त्या अधिकाऱ्याला मी माझे काम सांगितले. यजमानांनी त्याचे तिथल्या क्रिओल बोलीत भाषांतर केले. तो हसला, चहाला बसला, आणि त्याने मला एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे एका माणसाकडे किती घरे असतात? मी आकडा सांगितला. त्याने तो आपल्या वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतला आणि पुढच्या पत्त्यावर निघाला.

पाऊलखुणा

आणि तपासणीत काय निघाले?

केळशीकर

काही नाही. दोघांचेही नमुने स्वच्छ.